ब्लॅकवॉटरचा रविवार

क्लूनमोर, गॉलवे
२ जून १९६६

प्रिय फेस्टी,

नाताळच्या कार्डाखेरीज मी तुला कधी लिहीत नाही, तेव्हा पाकीट बघूनच तू दचकला असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. गेली ती फक्त आपली म्हातारी घोडी, मार्चमध्ये, तीही झोपेत.

ती गेल्यापासून दुधाचे कॅन डेअरीत न्यायचे कसे हा प्रश्न आहे. कोलमनकडे याचं उत्तर तयार आहे, ट्रॅक्टर. तुझा पुतण्या उठल्याउठल्या ट्रॅक्टर म्हणतो, झोपताना ट्रॅक्टर म्हणतो, आणि मध्ये सवड मिळाली तर देवाचं नाव घेतो. सध्या शेजाऱ्यांच्या गाढवावर आमचं भागतंय.

तर गेल्या आठवड्यात मी गेराटीच्या पबमागून येत होते. तिथे सरपणाच्या शेडआड एक घोडा उभा दिसला. उंच, तपकिरी, डाव्या कानाचा शेंडा फाटलेला. अंगावर हाडं तेवढी होती. खुरं इतकी वाढलेली की पुढून वर वळली होती. स्वतःच्याच लिदीत उभा होता, आणि पाण्याचा टब कोरडा. मी सरळ पबमध्ये गेले आणि चारचौघांत गेराटीला विचारलं, की हे काय आहे. तो म्हणाला, "तो ब्लॅकवॉटर. एके काळी पेपरात नाव यायचं त्याचं. पाहिजे तर घेऊन जा बाई, माझी जागा मोकळी होईल."

मी घेऊन आले. घरापर्यंतच्या वाटेला आम्हाला सकाळची दुपार झाली, पण आणला.

ब्लॅकवॉटर म्हटल्यावर तुझी आठवण झाली. इंग्लंडला जायच्या आधी तू ज्या शर्यतीच्या तबेल्यात होतास, तिथलाच ना हा? तूच त्याचा खरारा करायचास आणि तूच त्याला पळवायचास, असं तुझे मालाकीदादा होते तेव्हा सांगायचे. कोलमनचं आणि माझं ठरलंय, ऑक्टोबरच्या बाजारापर्यंत घोडा कामाला लागला तर राहील. नाही लागला, तर क्वर्क त्याला घेऊन जाईल. क्वर्क जनावरं बोटीवर चढवतो, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांचं काय करतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

हा खातो काय, घाबरतो कशाला, सगळं कळव.

तुझी वहिनी,
डीलिया


माल्टन, यॉर्कशायर
१४ जून १९६६

वहिनी,

पत्र मिळालं. घोडीचं वाईट वाटलं.

ब्लॅकवॉटरला क्वर्कच्या हवाली करा. ऑक्टोबरपर्यंत थांबायची गरज नाही. शर्यतीचा घोडा दुधाच्या गाडीला लागत नसतो. तो जन्मात एकच गोष्ट शिकला आहे, पुढच्याला मागं टाकायचं. तुमचं वय सहासष्ट आहे. एक शहाणं गाढव बघा, किंवा कोलमनचं ऐका.

इकडे ठीक. मी आता तबेल्यात चंदीच्या खोलीत असतो. घोड्यांचं खाणं तयार करतो, बसून करायचं काम आहे.

फेस्टी


क्लूनमोर
२१ जून १९६६

फेस्टी,

तुझं पत्र कोलमननं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि वाचताना त्याचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं तू त्याला ट्रॅक्टरच पाठवलास.

मी तुला सल्ला विचारला होता, शिक्षा नव्हे. तुम्हा शर्यतवाल्यांचं हे असंच. जिंकतोय तोवर त्याच्या कपाळाचे मुके घ्यायचे, आणि पाय थकले की बोट. तू पंधरा वर्षांचा असताना या घरातून त्या तबेल्यात गेलास तेव्हा सासूबाई आठवडाभर जेवल्या नव्हत्या. तिथे राहून तूही तसाच झालास हे त्यांना बघावं लागलं नाही ते बरं.

असो. घोड्याचं ऐक. लोहारानं खुरं तीन खेपांत उतरवली, एकदम कापली तर लंगडेल म्हणाला. पाठीवर पावसानं खपल्या धरल्या होत्या, त्या मी कोमट पाण्यानं रोज थोड्या थोड्या सोडवल्या. जवस शिजवून कोंड्यात कालवून देते. पहिले काही दिवस मी बादली ठेवली की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मी गेल्यावरच खायचा. आता मी उंबऱ्यावर बटाटे सोलत बसते आणि तो खातो. काल त्यानं एक बटाटा पळवला. चोरी करण्याइतकी तब्येत सुधारली म्हणजे माझ्या हिशेबी अर्धं काम झालं.

तुला काही सांगायचं नसेल तर नको सांगूस. माझं मी बघेन. हा घोडा डेअरीत जाणार म्हणजे जाणार.

डीलिया


माल्टन
३ जुलै १९६६

वहिनी,

तुमच्या पत्रानं तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणून एक गोष्ट सांगतो. मालाकीदादाला माहीत होती, त्यानं तुम्हाला सांगितली नाही कारण मी त्याला तशी शपथ घातली होती.

माझं कंबरेचं हाड ज्यानं मोडलं तो घोडा ब्लॅकवॉटर. शर्यतीत शेवटच्या कुंपणावरून उडी घेताना आम्ही सर्वांच्या पुढे होतो. तो पडला, मी खाली, तो वर. चूक त्याची नव्हती, जमीन निसरडी होती. पण माझं घोड्यावर बसणं तिथे संपलं. मी दवाखान्यात असताना मालकानं त्याला विकला, मग तो पुन्हा विकला गेला. तो कुठे आहे हे मी कधी विचारलं नाही. चार वर्षं मी त्याचा मोतद्दार होतो, वहिनी. माझ्या पावातला अर्धा त्याचा असायचा. त्याच्या बरगड्या दिसतात आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो हे वाचायची माझी तयारी नव्हती. म्हणून लिहिलं, बोटीवर चढवा. तुमच्या दृष्टीनं मी दगडाचा माणूस, तर तसं समजा.

आता ऐका. लगाम ओढू नका. इकडे सगळ्यांची पहिली चूक हीच होते. साध्या घोड्याचा लगाम ओढला की तो थांबतो, शर्यतीच्या घोड्याचा ओढला की त्याला वाटतं स्वार सावरून बसला, आता निघायचं. जितकं ओढाल तितका पळेल. थांबवायचं असेल तर हात ढिला सोडा आणि बोलत राहा, काहीही बोला. तुम्हाला ते जड जाऊ नये.

गाडीला जुंपायच्या आधी महिनाभर त्याच्यामागे एक ओंडका बांधून शेतात फिरवा. मागून काहीतरी येतंय आणि ते आपल्याला गाठणार नाही, हे त्याला पटलं पाहिजे. कान फाटला आहे त्या बाजूनं जवळ जाऊ नका.

फेस्टी


क्लूनमोर
२९ ऑगस्ट १९६६

प्रिय फेस्टी,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले, मग उठून घोड्याकडे गेले आणि त्याला दोन शिव्या दिल्या, मग त्याला तुझ्या नावानं अर्धा पाव दिला. त्यानं तिन्ही गोष्टी शांतपणे घेतल्या. मी जे लिहिलं होतं ते मागे घेते. पुन्हा तसलं काही लपवलंस तर मात्र बघ.

ओंडका आठवडाभर त्याला राक्षस वाटला. तो घामानं निथळायचा आणि मी पुढे चालत बोलायचे. काय बोलणार? गावातल्या सगळ्या भानगडी त्याला सांगून झाल्या. गेराटीच्या बायकोबद्दल जे मी कोणाला सांगितलं नव्हतं तेही त्याला ठाऊक आहे. मग एक दिवस तो ओंडक्यासकट थांबला, खाली वाकला आणि चरायला लागला.

आणि आता तो डेअरीत जातो. पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. गाड्यांची रांग लागली होती, सगळ्यात मागे आम्ही. ब्लॅकवॉटरनं पुढच्या गाड्या बघितल्या, मान ताणली, आणि कडेच्या गवतावरून सगळ्यांना मागे टाकत थेट डेअरीच्या दारात जाऊन उभा राहिला. मी हात ढिले सोडून बोलतच होते. मॅनेजर पांढरा कोट घालून बाहेर आला, तर यानं त्याच्या छातीला नाक लावलं आणि वाट बघत उभा राहिला. घोड्याला बिचाऱ्याला वाटलं, शर्यत जिंकली, आता कोणीतरी पाठीवर घोंगडी टाकणार.

मागून मिक फॉर्डे ओरडला, "डीलिया, उद्या याच्यावर पैसे लावू का?"

मी म्हटलं, "लाव की. तुझ्या बायकोला मी सांगेन कुठे गेले ते."

"आणि दूध? घुसळून लोणीच झालं असेल त्याचं."

"मग लोण्याचा भाव घेईन," मी म्हटलं.

आता तो रांगेत उभा राहतो. कुरकुरतो, पण राहतो. पहाटे चंदी, मग साज, मग डेअरी, मग कुरण. आणि काल कोलमननं साजाचा तुटलेला पट्टा न सांगता शिवून ठेवला. पुढच्या रविवारी घोड्याला टांग्याला जुंपून चर्चला, मिस्साच्या प्रार्थनेला, न्यायचं ठरवलंय. सगळ्या गावानं बघू दे.

तुझी वहिनी,
डीलिया


क्लूनमोर
१४ सप्टेंबर १९६६

प्रिय फेस्टी,

बातमी चांगली नाही.

चार तारखेला मिस्साला निघालो. फाटकाबाहेर पडलो तेव्हाच तो अंगातून थरथरत होता. चौरस्त्यापर्यंत कसाबसा आला आणि तिथून चौखूर उधळला. मी लगामाला हात लावला नाही, बोलत राहिले, प्रार्थनासुद्धा म्हटली, काही उपयोग नाही. चर्चपाशी आम्ही पहिल्या घंटेच्या आधी पोचलो. आयुष्यात प्रथमच मी मिस्साला वेळेआधी गेले, असं फादर लाव्हेल म्हणाले.

मला वाटलं, नवी वाट, म्हणून झालं असेल. आठवडाभर डेअरीला तो मेंढरासारखा गेला. मग अकरा तारखेला पुन्हा तेच, किंबहुना जास्त. चौरस्त्याच्या वळणावर टांग्याचं चाक दगडावर चढलं आणि टांगा कलंडला. टांग्याचा एक दांडा मोडला. घोड्याला काही झालं नाही. मलाही नाही.

कोलमन फार चिडलाय. तो म्हणतो, हा घोडा आज ना उद्या कोणाला तरी मारणार. बाजार दहा ऑक्टोबरला, सोमवारी आहे. त्यानं क्वर्कला निरोपही धाडला. मी खूप भांडले, तेव्हा एवढ्यालाच कबूल झाला, की नऊ तारखेचा रविवार नीट पार पडला तर क्वर्कला परत पाठवील. तेही टांग्यात तो स्वतः बसेल आणि लगाम त्याच्या हातात असेल. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. जॅम करताना हात भाजला.

डीलिया


माल्टन
२० सप्टेंबर १९६६

वहिनी,

तुमचं अक्षर सगळं डावीकडे कललंय. भाजल्यानं अक्षर असं होत नाही. डोळे अधू झाले असतील तर चष्मा बदलून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

कोलमनचं मला नवल वाटतं. मालाकीदादाचा मुलगा, आणि एका ट्रॅक्टरपायी इतका कठोर. पण ते तुमचं घर.

घोड्याचं मला कळत नाही. वाट तीच, चौरस्ता तोच. डेअरीला तो त्याच चौरस्त्यावरून जातो ना? टांगा हलका असतो, पण त्यानं इतका फरक पडू नये. चर्चच्या घंटेला घाबरतो म्हणावं तर घंटा नंतर वाजते. तबेल्यात मी तीन माणसांना विचारलं. एक म्हणतो मेंदूत बिघाड, एक म्हणतो वय झालं, तिसऱ्यानं सांगितलं, ज्याच्यावरून पडलास त्याची काळजी करू नकोस.

मी करतोय. रविवारी सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता ते सगळं लिहा. तुम्हाला क्षुल्लक वाटेल तेही. टांगा दुरुस्त होईतो त्याला जुंपू नका, पण रविवारी तबेल्यात तो कसा वागतो तेवढं बघा.

फेस्टी


क्लूनमोर
२६ सप्टेंबर १९६६

प्रिय फेस्टी,

डोळे माझे उत्तम आहेत. मिक फॉर्डेनं दुधात घातलेलं पाणी मला इथून दिसतं.

कोलमनबद्दल तसं बोलू नकोस. त्याचं कारण आहे, ते त्याचं त्याला सांगू दे.

तू सांगितलंस तसं काल बघितलं. टांगा सुताराकडे, आम्ही चालत जाणार होतो, घोड्याला कुठेच जायचं नव्हतं. तरी मी नटून, म्हणजे माझा निळा कोट चढवून तबेल्यात डोकावले, तर तो घामानं भिजलेला, येरझारा घालतोय आणि दारावर पाय आपटतोय. शनिवारी संध्याकाळी शांत होता. सोमवारी, म्हणजे आज, पुन्हा शांत. फेस्टी, जनावराला रविवार कळतो कसा? मला खरंच भीती वाटायला लागलीय, आणि मी तशी भिणारी नव्हे.

रविवारचा दिवस तुला काय नव्यानं सांगायचा? तू त्याच घरात वाढलास. पहाटे गायी पिळायच्या आणि त्यांना कुरणात सोडायचं. मग घोड्याचा खरारा, रविवार म्हणून जरा जास्त, आयाळ विंचरायची, चांगला साज पुसून ठेवायचा. मग आपण तयार व्हायचं. चूल पेटत नाही, चहा नाही, तोंडात घास नाही. मिस्साहून आल्यावर सगळ्यांचं खाणं, आपलं, कोंबड्यांचं, घोड्याचं. सासूबाईंचा नियमच होता, मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेईपर्यंत या घरात माणसानं खायचं नाही आणि चंदीच्या बादलीला हात लावायचा नाही. रोमनं आता म्हणे तासाभराचा उपास पुरे म्हटलंय. रोमला सासूबाई भेटल्या नव्हत्या.

याहून काही नाही. तुला काही सुचलं तर लवकर कळव. दिवस राहिले नाहीत.

डीलिया


तार
माल्टन, १ ऑक्टोबर १९६६

रविवारी पहाटे घोड्याला पोटभर खायला द्या. गवत समोर राहू द्या. खरारा शनिवारी करा. उद्या कुठे नेऊ नका. पत्र येतंय. फेस्टी.


माल्टन
१ ऑक्टोबर १९६६

वहिनी,

तार करून आलो आणि लगेच लिहायला बसलो. पोस्टातली मुलगी म्हणाली, घोड्याच्या जेवणासाठी तार करणारे तुम्ही पहिलेच.

तुमचं पत्र मी चंदीच्या खोलीत, हातात परडी घेऊन वाचत होतो. आज आमचे दोन घोडे शर्यतीला जायचे होते, आणि शर्यतीच्या सकाळी त्या घोड्यांसमोरचं गवत उचलून न्यायचं काम माझं. पोट भरलं असेल तर पळता येत नाही, म्हणून त्यांना पहाटे मूठभर चंदी, मग काही नाही. गवत उचललं की घोड्याला कळतं. मग मोतद्दार येतो, खरारा करतो, आयाळ विंचरतो, माणसं बरे कपडे घालून येतात. तोवर घोडा घामानं भिजलेला असतो. अजून तबेल्यातच असतो, पण मनानं तो पळायला लागलेला असतो.

दर रविवारी तुम्ही त्याला शर्यतीला तयार करत होतात, वहिनी. उपाशी ठेवत होतात, नटवत होतात आणि स्वतः निळा कोट घालून समोर उभ्या राहत होतात. मग तो धावायचा, आणि का नाही धावणार? त्याला जे येतं तेच तुम्ही त्याच्याकडे मागत होतात. तो उधळला नाही, तो कामावर निघाला होता.

दोन्ही उपास मला पाठ आहेत. आईचा केला, तबेल्याचा करवला. लहानपणी मिस्सात गुडघे टेकून असताना पोटात आग पडायची ती अजून आठवते. आणि तरी मला हे जुळवता आलं नाही, कारण मी घोड्याच्या डोक्यात बिघाड शोधत होतो.

आता तुमची परीक्षा आहे. आईचा नियम तुम्ही तिच्या माघारीही पाळलात, मी तिचा मुलगा असून पाळला नाही. घोड्यासाठी तो मोडायचा आहे. एका दिवसात त्याला सगळं पटेल असं मी म्हणत नाही. उद्याचा रविवार सरावाचा, तारेत म्हटलंय तसा. फक्त खाऊ घालायचं, कुठे न्यायचं नाही. मग नऊ तारीख.

काय होतं ते त्याच दिवशी लिहा. 

फेस्टी


क्लूनमोर
१५ ऑक्टोबर १९६६

फेस्टीकाका,

मी कोलमन लिहितोय. उशिराबद्दल माफ करा. आई सांगते आहे, मी लिहून घेतोय. तिला नीट लिहिता येत नाही, कारण तिचं उजवं मनगट मोडलंय. (हे ती सांगत नाहीये, मी घालतोय. ११ सप्टेंबरला टांगा उलटला तेव्हा मोडलं. जॅम वगैरे काही केलेलं नाही, यंदा फळंच धरली नाहीत. तुम्हाला आलेली दोन पत्रं तिनं डाव्या हातानं लिहिली.)

आई म्हणते, सर्वात आधी सांग, की तारेबद्दल आभार आणि रागही. पोस्टमननं ती वाटेत वाचली आणि घरी येईतो अर्ध्या गावाला माहीत झालं होतं, की इंग्लंडहून घोड्याला जेवणाचं आमंत्रण आलंय.

आई पुढे म्हणते, तार मिळाल्यावर ती फादर लाव्हेलकडे गेली. त्यांना विचारलं, की मिस्साआधी घोड्याला खाऊ घातलं तर चालेल का. फादरनी उलट विचारलं, घोडा ख्रिस्तप्रसाद घेणार आहे का. आई म्हणाली नाही. मग मला यात पडायचं कारण दिसत नाही, असं फादर म्हणाले. आईचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ती आजीच्या थडग्याशी जाऊन सांगून आली. काय उत्तर मिळालं ते विचारलं तर म्हणते, नाही म्हणाल्या नाहीत.

दोन तारखेला फक्त खाऊ घातलं. बादली बघून तो मागे सरला. रविवारी बादली येते हे त्याला खरं वाटेना. खूप वेळानं खाल्लं, पण घाम आलाच, नेहमीपेक्षा कमी.

मग नऊ तारीख. आई म्हणते, आता तू सांग, लगाम तुझ्या हातात होता. म्हणून इथून पुढे मी.

काका, तुम्ही मला कठोर म्हणालात ते आईनं वाचून दाखवलं होतं. म्हणून हे लिहितो. टांगा उलटला त्या दिवशी मी मागून सायकलवर येत होतो. मी पोचलो तेव्हा आई टांग्याखाली होती आणि बोलत नव्हती. आई बोलत नाही असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी टांगा उचलला, कसा ते मला माहीत नाही. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हे, की घोड्याला लागलं का. मी त्याच क्षणी ठरवलं, की हे जनावर या घरात राहणार नाही. ट्रॅक्टरचा त्यात काही संबंध नव्हता. वडील गेल्यावर मला एवढीच एक आहे.

तर नऊ तारखेला मी मनातून तयार होतो, की तो उधळणार आणि सोमवारी क्वर्क येणार. पहाटे आईनं त्याला चंदी दिली, गवत दिलं. आम्ही निघायच्या वेळीही त्याच्या तोंडात गवत होतं आणि ते चघळतच तो बाहेर आला. टांगा बघून कान टवकारले. माझे हात घट्ट झाले. आई शेजारून म्हणाली, "ढिले सोड." मी म्हटलं, "आई, मला भीती वाटतेय." ती म्हणाली, "त्यालाही वाटतेय. बोल काहीतरी." मला काही सुचेना, म्हणून मी त्याला ट्रॅक्टरची माहिती सांगायला लागलो. कुठल्या कंपनीचा, किती ताकदीचा, सगळं. आई हसत होती.

चौरस्त्यावर तो थांबला. पूर्ण थांबला, मान वर करून. मला त्याच्या कातडीखालचा थरकाप लगामातून हाताला जाणवत होता. तो वाट बघत होता, काका. कोणीतरी त्याला निघ म्हणेल याची. आम्ही दोघं तसेच बसलो. मागून मिक फॉर्डेचा टांगा आला आणि आमच्या शेजारून पुढे निघून गेला. ब्लॅकवॉटरनं त्याला जाताना बघितलं, अगदी वळणापर्यंत बघितलं. मग एक मोठा श्वास सोडला, मान खाली घातली आणि चालायला लागला. चालत, एकेक पाऊल. पायी चाललेल्या बायकाच काय, म्हातारा टूलनसुद्धा काठी टेकत आमच्या पुढे गेला.

आम्ही पोचलो तेव्हा बायबलचं वाचन संपून प्रवचन चालू होतं. सगळ्या चर्चनं वळून पाहिलं. आईनं मान ताठ ठेवून मधल्या वाटेनं पुढचा बाक गाठला. बाहेर आलो तर तो भिंतीपाशी, मागचा एक पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबवून झोपला होता.

सोमवारी मी क्वर्कला गाठायला बाजारात गेलो. त्यानं विचारलं, "का रे, मेला का?" मी म्हटलं, "नाही." "मग काय, बरा झाला?" मी म्हटलं, "त्याला काही झालंच नव्हतं, क्वर्क. आम्ही त्याला उपाशी नेत होतो." 

आई दमून खुर्चीतच झोपली आहे, म्हणून हे शेवटचं माझ्याकडून. ती सांगणार नाही, पण तिचं मन आहे की तुम्ही नाताळला यावं. घोड्याला भेटायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती करणार नाही आणि तिलाही करू देणार नाही. पण तो डेअरीच्या रांगेत उभा असतो ते एकदा लांबून तरी बघा.

उद्या रविवार. पहाटे उठायचं काम मी घेतलंय, आईला झोपू देणार आहे. मी स्वतः उपाशीच जाईन, आजीचं घर आहे. चंदी आताच भिजत घातली आहे.

तुमचा पुतण्या,
कोलमन